कचारगड
कचारगड : गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील, धनेगावजवळचे गोंडांचे गुहातीर्थ. जवळचे रेल्वेस्थानक दरेकसा. गोंडी परंपरेनुसार कली कंकालीची ३३ मुले या गुहेत कोंडली गेली होती, त्यांची सुटका झाल्यावर पारी कुपार लिंगोने त्यांना कोया पुनेम या गोंडी धर्माची दीक्षा दिली (पहा : लिंगो, जंगो रायताड). मुख्य गुहा प्रशस्त असून छतातील भगदाडातून आत उजेड पडतो. माघ पौर्णिमेच्या यात्रेला मध्य प्रदेश, छत्तीसगढ व तेलंगणातूनही गोंड येतात. द्राविड कुलातील गोंडी भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. म्हणूनच निरनिराळ्या राज्यांतील गोंडीभाषक जिथे एकत्र येतात, त्या या यात्रेचे भाषिक महत्त्वही मोठे. गोंडीसाठी १९१८ मध्ये लिपी रचणारे मंगलसिंह मसराम शेजारच्या बालाघाटचे (पहा : गोंडी भाषा).