१९८३ एनएफएल ड्राफ्टमधील एएफसी पूर्व विभाग

नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक स्पर्धेचा १९८३ सालचा ड्राफ्ट, म्हणजे महाविद्यालयांतून येणाऱ्या नव्या खेळाडूंची वार्षिक निवड, २६ व २७ एप्रिल १९८३ रोजी न्यूयॉर्कमधील शेरेटन हॉटेलात झाला. बारा फेऱ्यांत एकूण ३३५ खेळाडू निवडले गेले. पहिल्या फेरीत सहा क्वार्टरबॅकांची निवड झाली व त्यांपैकी पाच जण एकाच विभागातील संघांनी घेतले. बॉल्टिमोर कोल्ट्स, बफेलो बिल्स, न्यू इंग्लंड पेट्रियट्स, न्यूयॉर्क जेट्स आणि मायामी डॉल्फिन्स हे ते एएफसी पूर्व विभागातील पाच संघ. सहावा क्वार्टरबॅक टॉड ब्लॅकलेज हा सातव्या क्रमांकावर कॅन्सस सिटी चीफ्सकडे गेला. दर हंगामात परस्परांशी दोनदा खेळणाऱ्या पाच प्रतिस्पर्ध्यांनी एकाच दिवशी एकाच जागेसाठी खेळाडू निवडल्यामुळे त्यांच्या निवडींची तुलना पुढील दीड दशक होत राहिली.

पार्श्वभूमी

संघाच्या आक्रमणाची सूत्रे क्वार्टरबॅकच्या हाती असतात. चेंडू कोणाकडे फेकायचा वा सोपवायचा हे तो ठरवतो. ड्राफ्टमध्ये आदल्या हंगामातील सर्वांत कमकुवत संघाला पहिली आणि विजेत्याला शेवटची संधी मिळते. खेळाडूंच्या संपामुळे १९८२ चा हंगाम नऊ सामन्यांपुरता उरला होता. त्यात कोल्ट्सला एकही विजय मिळाला नाही (८ पराभव, १ बरोबरी), म्हणून पहिला क्रमांक त्यांच्याकडे आला. याउलट डॉल्फिन्स सतराव्या सुपर बोलपर्यंत पोहोचून वॉशिंग्टनकडून २७–१७ असे हरले होते व त्यांचा क्रमांक २७ वा होता. त्या अंतिम सामन्यात त्यांचा क्वार्टरबॅक डेव्हिड वुडली याचे १४ पैकी केवळ ४ पास यशस्वी झाले होते. अंतिम सामना गाठूनही डॉल्फिन्सला नवा क्वार्टरबॅक हवा होता.

मार्च १९८३ मध्ये यूएसएफएल ही प्रतिस्पर्धी लीग सुरू झाली होती. निवड झालेला खेळाडू संघाला नकार देऊन तिकडे जाऊ शकत होता. या पाच निवडींचा हिशेब मांडताना ही गोष्ट वगळून चालत नाही.

कोल्ट्स व एल्वेचा नकार

पहिल्या क्रमांकावर कोल्ट्सने स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जॉन एल्वेला निवडले. आपण बॉल्टिमोरसाठी खेळणार नाही, हे एल्वेने आधीच कळवले होते. प्रशिक्षक फ्रँक कुश यांच्या हाताखाली खेळण्याची त्याची तयारी नव्हती आणि त्याच्याकडे दुसरा खरा पर्याय होता: बेसबॉलमधील न्यूयॉर्क यांकीज संघाने त्याला १९८१ मध्येच निवडले होते व १९८२ च्या उन्हाळ्यात तो त्यांच्या दुय्यम संघातून खेळलाही होता.

२ मे १९८३ रोजी कोल्ट्सने त्याचे हक्क डेन्व्हर ब्रॉंकोजला दिले. मोबदल्यात त्यांना चौथ्या क्रमांकावर निवडला गेलेला लाइनमन क्रिस हिंटन, राखीव क्वार्टरबॅक मार्क हरमन आणि १९८४ च्या ड्राफ्टमधील पहिल्या फेरीची एक संधी मिळाली. हा सौदा सर्वस्वी वाया गेला असे म्हणणे अन्यायाचे होईल. हिंटन कोल्ट्सकडून सहा वेळा प्रो बोलसाठी निवडला गेला आणि १९८४ च्या संधीतून आलेला रॉन सोल्टही प्रो बोलपर्यंत पोहोचला. परंतु चांगले लाइनमन ज्याचे रक्षण करतात, तो क्वार्टरबॅकच कोल्ट्सकडे नव्हता. मार्च १९८४ मध्ये मालक रॉबर्ट इर्से यांनी संघ रातोरात इंडियानापोलिसला हलवला.

बिल्स: तीन वर्षांची प्रतीक्षा

बिल्सकडे पहिल्या फेरीत दोन संधी होत्या. बाराव्या क्रमांकावर त्यांनी टोनी हंटर या टाइट एंडला आणि चौदाव्या क्रमांकावर मायामी विद्यापीठाच्या जिम केलीला घेतले. या चौदाव्या क्रमांकाचा इतिहास लांबचा आहे. बिल्सने ओ. जे. सिम्प्सनला सॅन फ्रान्सिस्कोकडे पाठवले, त्या बदल्यात मिळालेल्या संधीतून १९७९ मध्ये पहिल्या क्रमांकावर टॉम कझिनोला निवडले, तो कॅनडात खेळायला गेला आणि पुढे त्याचे हक्क क्लीव्हलँडला देऊन ही संधी मिळवली.

केलीनेही पाठ फिरवली. तो यूएसएफएलच्या ह्यूस्टन गॅम्बलर्समध्ये दाखल झाला व बंदिस्त ॲस्ट्रोडोममध्ये खेळू लागला. बिल्सने १९८४ आणि १९८५ या दोन्ही हंगामांत १६ पैकी दोनच सामने जिंकले. मात्र १९८४ च्या दुर्दशेमुळे १९८५ चा पहिला क्रमांक मिळाला व त्यातून ब्रूस स्मिथ हा बचावपटू आला. यूएसएफएल कोसळल्यावर १९८६ मध्ये केली बफेलोत परतला. स्मिथ आणि १९८३ च्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत निवडलेला लाइनबॅकर डॅरिल टॅली यांच्यासह तो १९९० ते १९९३ या सलग चार हंगामांत सुपर बोल खेळला. चारही सामने बिल्स हरले. त्यांपैकी पहिला न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध २०–१९ असा, अखेरच्या क्षणी ४७ यार्डांवरून मारलेला फील्ड गोल हुकल्याने गेला.

पेट्रियट्स

लगेच पुढच्या, पंधराव्या क्रमांकावर पेट्रियट्सने इलिनॉय विद्यापीठाच्या टोनी ईसनला घेतले. ईसनची कारकीर्द लहान ठरली, तरी या विभागातून सुपर बोल गाठणारा १९८३ च्या निवडीतील दुसरा क्वार्टरबॅक तोच. १९८५ च्या हंगामात पेट्रियट्सने बाद फेरीत परक्या मैदानांवर सलग तीन सामने जिंकले. त्यांत जेट्सवर २६–१४ आणि डॉल्फिन्सवर ३१–१४ अशी मात होती. मायामीच्या ऑरेंज बोल मैदानावर त्यांना १९६६ नंतर प्रथमच विजय मिळाला. विसाव्या सुपर बोलमध्ये मात्र शिकागो बेअर्सने त्यांचा ४६–१० असा धुव्वा उडवला आणि ईसनचा सहापैकी एकही पास यशस्वी न झाल्याने त्याला मैदानाबाहेर काढावे लागले.

क्वार्टरबॅकांच्या चर्चेत झाकली जाणारी एक बाब येथे नोंदवण्याजोगी आहे. त्या बेअर्स संघातील जिम्बो कोव्हर्ट, विली गॉल्ट, डेव्ह ड्यूअरसन व सामनावीर ठरलेला रिचर्ड डेंट हे सारे १९८३ च्याच ड्राफ्टमधून आले होते. डेंट तर आठव्या फेरीपर्यंत शिल्लक होता. त्या वर्षीची सर्वोत्तम निवड कोणाची, या प्रश्नाला पूर्व विभागाबाहेरचे हे उत्तर अधिक पटणारे आहे.

जेट्स आणि डॉल्फिन्स

ड्राफ्टच्या तीनच महिने आधी एएफसीच्या अंतिम सामन्यात चिखलाने भरलेल्या मैदानावर डॉल्फिन्सने जेट्सला १४–० असे हरवले होते. त्या दिवशी जेट्सच्या रिचर्ड टॉडचे पाच पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले. चोविसाव्या क्रमांकावर जेट्सची पाळी आली तेव्हा पिट्सबर्ग विद्यापीठाचा डॅन मरिनो अद्याप उपलब्ध होता. जेट्सने द्वितीय श्रेणीत खेळणाऱ्या डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचा केन ओब्रायन निवडला.

मरिनो इतका मागे राहण्याचे एक उघड कारण म्हणजे शेवटच्या महाविद्यालयीन हंगामातील घसरण: १९८१ मध्ये ३७ टचडाउन पास देणाऱ्या मरिनोने १९८२ मध्ये १७ टचडाउन दिले आणि त्याचे २३ पास प्रतिस्पर्ध्यांनी हिरावले. शिवाय त्याच्याविषयी अमली पदार्थांच्या अफवा पसरल्या होत्या. त्याच्याच गावच्या पिट्सबर्ग स्टीलर्सनेही एकविसाव्या क्रमांकावर त्याला टाळले. सत्ताविसाव्या क्रमांकावर डॉन शुला यांच्या डॉल्फिन्सने त्याला घेतले. याच ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत पंटर रेगी रोबी आणि आठव्या फेरीत रिसीव्हर मार्क क्लेटन त्यांना मिळाले. मरिनोने क्लेटनला पुढे ७९ टचडाउन पास दिले.

१९८४ मध्ये, म्हणजे दुसऱ्याच हंगामात, मरिनोने ५,०८४ यार्ड व ४८ टचडाउन पास असे दोन विक्रम केले. त्या हंगामाअखेरचा सुपर बोल डॉल्फिन्स सॅन फ्रान्सिस्कोकडून ३८–१६ असे हरले. मरिनोला पुन्हा अंतिम सामना खेळायला मिळाला नाही.

जेट्सच्या निवडीची आजही थट्टा होते. ती अंशतःच योग्य आहे. ओब्रायन १९८५ मध्ये पासर रेटिंगमध्ये एनएफएलमध्ये अव्वल होता. २१ सप्टेंबर १९८६ रोजी त्याने मरिनोच्या डॉल्फिन्सविरुद्ध ४७९ यार्डांचे पास दिले व जेट्सने तो सामना जादा वेळेत ५१–४५ असा जिंकला. मरिनोने त्या दिवशी ४४८ यार्ड आणि सहा टचडाउन नोंदवले होते. जेट्सची खरी उणीव विभागीय विजेतेपदाची. १९८३ ते १९९५ या काळात डॉल्फिन्स, बिल्स, पेट्रियट्स व कोल्ट्स या चौघांनीही ते मिळवले, जेट्सने एकदाही नाही.

कारकिर्दींची तुलना

पासचे एकूण यार्ड व टचडाउन पाहता मरिनो (६१,३६१ व ४२०) सर्वांत पुढे असून त्याखालोखाल एल्वे (५१,४७५ व ३००), केली (३५,४६७ व २३७), ओब्रायन (२५,०९४ व १२८) आणि ईसन (११,१४२ व ६१) येतात. केलीचे आकडे यूएसएफएलमधील हंगाम वगळून आहेत. केली २००२, एल्वे २००४ व मरिनो २००५ मध्ये प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये समाविष्ट झाले. परस्पर लढतींत मात्र क्रम बदलतो: बाद फेरीत मरिनो आणि केली तीनदा समोरासमोर आले आणि तिन्ही वेळा बिल्स जिंकले. पूर्व विभागातील पाच संघांपैकी एकालाही १९८३ च्या आपल्या क्वार्टरबॅकसह सुपर बोल जिंकता आला नाही. तो जिंकला एल्वेने, तोही डेन्व्हरकडून, १९९७ व १९९८ च्या हंगामांत. यांपैकी दुसऱ्या विजेतेपदाच्या वाटेवर, ९ जानेवारी १९९९ रोजी, बाद फेरीत त्याची मरिनोशी एकमेव गाठ पडली व ब्रॉंकोज ३८–३ असे जिंकले. तीन आठवड्यांनी अटलांटा फाल्कन्सविरुद्ध एल्वे शेवटचा सामना खेळला. मरिनो आणखी एक हंगाम खेळून २००० साली निवृत्त झाला.