नाशिक-पुणे टॅक्सी: २१० किलोमीटरच्या प्रवासाचं भाडं ४२० किलोमीटरचं का लागतं?

नाशिकहून पुण्याला जाण्यासाठी टॅक्सीची चौकशी केली, की चार ठिकाणी चार आकडे ऐकायला मिळतात. ॲपवर एक, ट्रॅव्हल्सवाल्याकडे दुसरा, द्वारका परिसरातल्या टॅक्सीवाल्याकडे तिसरा. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर "पुणे ड्रॉप, गाडी रिकामी आहे" असा चौथा, बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त.

रस्ता तोच आणि गाडीही साधारण तशीच असते. मग भाड्यात एवढा फरक का पडतो? आणि सर्वांत स्वस्त गाडी घेतली, तर नेमकं काय पणाला लागतं?

नाशिक-पुणे प्रवासात टॅक्सी एवढी का लागते?

नाशिक आणि पुणे यांना थेट जोडणारा लोहमार्ग अजून झालेला नाही. रेल्वेने जायचं तर कल्याणमार्गे किंवा मनमाड-दौंडमार्गे मोठा वळसा पडतो. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव या बाजूने सेमी हायस्पीड रेल्वेचा प्रस्ताव होता. पण नारायणगावजवळच्या खोडद इथे 'जीएमआरटी' ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या कामात अडथळा येईल, म्हणून ती आखणी मागे पडली आणि शिर्डी, अहिल्यानगरमार्गे नेण्याचा पर्याय पुढे आला.

त्यामुळे आज बहुतेक प्रवास रस्त्यानेच होतो. एसटीच्या ई-शिवाईसह अनेक बस धावतात आणि एकट्या माणसासाठी त्या परवडतात. पण सोबत वयस्कर माणसं असतील, दवाखान्याची वेळ घेतलेली असेल, सामान जास्त असेल किंवा पहाटेचं विमान गाठायचं असेल, तर टॅक्सीचाच विचार होतो.

हा राष्ट्रीय महामार्ग ६०. नाशिक रोड सोडलं की शिंदे टोलनाका, मग सिन्नर, संगमनेर, चंदनापुरी घाट, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर आणि चाकण. अंतर साधारण २१० किलोमीटर आहे. रस्ता मोकळा असेल तर साडेचार-पाच तास लागतात. चाकणच्या कोंडीत सापडलात, तर हे गणित चुकतं. कंपन्यांच्या शिफ्ट सुटण्याच्या वेळी तर हमखास.

भाडं नेमकं कसं ठरतं?

तुम्ही पुण्यात उतरता, पण गाडी नाशिकचीच असते. तिला परत यायचं असतं. परतीचं गिऱ्हाईक मिळालं नाही, तर २१० किलोमीटर रिकामी गाडी आणण्याचं डिझेल किंवा सीएनजी, टोल आणि चालकाचा वेळ कुणीतरी भरावा लागतो. भाड्यातला बराचसा फरक इथे तयार होतो.

ज्याच्याकडे परतीचं भाडं मिळण्याची खात्री आहे, तो 'ड्रॉप' म्हणजे एकाच बाजूचं भाडं कमी सांगू शकतो. ज्याच्याकडे ती खात्री नाही, तो जाण्या-येण्याचे ४२० किलोमीटर धरतो. म्हणून पुणे पासिंगची, म्हणजे एमएच १२ किंवा एमएच १४ नंबरची गाडी नाशिकमध्ये प्रवासी सोडून परत निघाली असेल, तर ती स्वस्तात मिळू शकते. यात फसवणूक नसते. तिला तसंही रिकामंच जायचं असतं.

राउंड ट्रिपचा हिशोब वेगळा असतो. त्यात बहुतेक ठिकाणी 'दिवसाला किमान किलोमीटर' ही अट असते. हा आकडा साधारणपणे २५० किंवा ३०० असतो. गाडी त्याहून कमी चालली तरी पैसे तेवढ्या किलोमीटरचे द्यावे लागतात.

समजा, दर किलोमीटरला १३ रुपये आणि किमान ३०० किलोमीटर ठरले. हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत.

- त्याच दिवशी परत आलात: ४२० × १३ = ५,४६० रुपये
- दुसऱ्या दिवशी परत आलात: २ दिवस × ३०० = ६०० किलोमीटर, म्हणजे ७,८०० रुपये
- तिसऱ्या दिवशी परत आलात: ९०० किलोमीटर, म्हणजे ११,७०० रुपये

तिन्ही वेळा गाडी ४२० किलोमीटरच चालली. म्हणून पुण्यात मुक्काम असेल, तर राउंड ट्रिपऐवजी जाताना एक आणि येताना एक अशा दोन ड्रॉप गाड्यांचा दर आधी विचारा. अनेकदा त्या स्वस्त पडतात.

आणखी एक मेख म्हणजे 'दिवस' कसा मोजतात? अनेक ट्रॅव्हल्सवाले तारखेनुसार मोजतात, म्हणजे रात्री १२ वाजता नवा दिवस सुरू. रात्री १० वाजता निघालात, तर दोन तासांतच दुसऱ्या दिवसाचं किमान भाडं लागू शकतं.

सांगितलेल्या आकड्यात काय नसतं?

फोनवर सांगितलेलं भाडं आणि शेवटी द्यावं लागलेलं भाडं यात फरक पडतो, तो या गोष्टींमुळे:

टोल: या मार्गावर शिंदे, हिवरगाव पावसा आणि चाळकवाडी हे टोलनाके आहेत. २४ तासांच्या आत परत आलं, तर राष्ट्रीय महामार्गावर जाण्या-येण्याचा मिळून टोल एकेरी टोलच्या दीडपट असतो. त्यामुळे त्याच दिवशी परतणाऱ्या गाडीने सरळ दुप्पट टोल मागितला, तर फास्टॅगचा मेसेज दाखवायला सांगा. फास्टॅग चालला नाही, तर १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने सव्वापट टोल भरावा लागतो. चालकाच्या फास्टॅगमध्ये पैसे नसतील, तर हा जास्तीचा भार तुम्ही उचलण्याचं कारण नाही.

चालक भत्ता: मुक्काम असेल किंवा रात्री उशिरापर्यंत गाडी चालवायची असेल, तर तो वेगळा घेतला जातो.

गॅरेज ते गॅरेज: काही जण किलोमीटर तुमच्या दारापासून मोजत नाहीत. गाडी जिथून निघाली तिथून मोजतात.

पत्ता: 'पुणे' एवढंच सांगून चालत नाही. नाशिक फाट्याला उतरणं आणि तिथून पुढे हडपसरला जाणं यात वीसेक किलोमीटरचा फरक आहे आणि शहरातल्या ट्रॅफिकचा वेळ वेगळाच. उतरण्याचा नेमका पत्ता आधी दिला, की नंतरचा वाद टळतो.

याशिवाय पार्किंग, थांबण्याचे पैसे आणि जीएसटी भाड्यात धरलेत का, हेही विचारून घ्या.

स्वस्त गाडीची नंबर प्लेट पांढरी असेल तर?

भाड्याने प्रवासी नेणाऱ्या टॅक्सीची नंबर प्लेट पिवळी आणि अक्षरं काळी असतात. इलेक्ट्रिक टॅक्सीची प्लेट हिरवी आणि अक्षरं पिवळी. पांढऱ्या प्लेटवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. हिरव्या प्लेटवर पांढरी अक्षरं असतील, तर ती खासगी इलेक्ट्रिक गाडी.

खासगी गाडी स्वस्त पडते, कारण तिला टॅक्सीचं परमिट लागत नाही, टॅक्सीचा महागडा विमा लागत नाही. नव्या टॅक्सीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस तपासणी करावी लागते. खासगी गाडीला ती कटकट नाही. वार्षिक फास्टॅग पासही फक्त खासगी गाड्यांना मिळतो, टॅक्सीला नाही.

पण जो खर्च वाचतो, त्याच्यासोबत प्रवाशाचं संरक्षणही जातं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार परमिटशिवाय भाड्याने प्रवासी नेता येत नाहीत. कलम १९२ अ नुसार त्यासाठी १०,००० रुपये दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. ही कारवाई गाडीवाल्यावर होते. प्रवाशाचा प्रश्न अपघात झाल्यावर सुरू होतो. परमिट नसलेली गाडी भाड्याने चालवली जात होती, हा मुद्दा विमा कंपनी कलम १५० खाली आपल्या बचावासाठी मांडू शकते. म्हणजे जखमी माणूस दवाखान्यात आणि भरपाईचा दावा कोर्टात, अशी वेळ येऊ शकते. चार-पाचशे रुपये वाचवताना ही जोखीम सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

ओळखीच्या माणसांनी एकत्र जाऊन पेट्रोलचा खर्च वाटून घेणं वेगळं. सीटमागे दर लावून रोज अनोळखी प्रवासी नेणं हा धंदा झाला, आणि त्याला परमिट लागतं.

तपासायचं कसं? सरकारच्या एमपरिवाहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. वाहनाचा वर्ग 'मोटर कॅब' आहे की 'मोटर कार', ते तिथे दिसतं. कॅब म्हणजे टॅक्सी, कार म्हणजे खासगी गाडी. विमा आणि फिटनेसची मुदतही तिथेच कळते. हे सगळं दोन मिनिटांत होतं.

ॲपवरून बुक केल्यावर चालक म्हणाला "कॅन्सल करा, कॅश द्या" तर?

कंपनीला जाणारं कमिशन वाचावं म्हणून काही चालक असं सुचवतात. पण बुकिंग रद्द झालं, की त्या प्रवासाची ॲपवर नोंद राहत नाही. लोकेशन शेअरिंग, पावती आणि तक्रारीचा आधारही जातो. पुढे काही झालं, तर "आमच्याकडे ही ट्रिपच नाही" असं कंपनी म्हणू शकते.

केंद्र सरकारने १ जुलै २०२५ रोजी जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, योग्य कारण नसताना ट्रिप रद्द केली तर भाड्याच्या १० टक्के, पण जास्तीत जास्त १०० रुपये दंड आहे. तो चालक आणि प्रवासी दोघांनाही लागू होतो. गर्दीच्या वेळचं भाडं मूळ भाड्याच्या दुपटीपेक्षा जास्त नसावं, असंही त्यात म्हटलं आहे. अंमलबजावणी मात्र राज्यांच्या हातात आहे.

चालकाची झोप झाली आहे का?

हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तो महत्त्वाचा आहे. एका दिवसात नाशिक-पुणे-नाशिक म्हणजे किमान नऊ-दहा तास स्टिअरिंगवर. त्याआधी रात्रभर त्याने दुसरी ट्रिप मारलेली असू शकते. रात्री परतताना आळेफाटा किंवा संगमनेरला चहासाठी अर्धा तास थांबायचं, हे निघतानाच ठरवा. मागे बसलात तरी सीट बेल्ट लावा.

बुकिंगआधी हा मेसेज पाठवा

फोनवरचं बोलणं विसरलं जातं, लिहिलेलं राहतं. गाडी पक्की करण्याआधी हा मेसेज कॉपी करून पाठवा आणि उत्तर लेखी घ्या:

"नमस्कार. नाशिक (पत्ता) ते पुणे (पत्ता), तारीख आणि वेळ अशी आहे. १) एकूण भाडं किती? ड्रॉप की राउंड ट्रिप? २) टोल, पार्किंग, चालक भत्ता, जीएसटी धरून आहे का? ३) किमान किलोमीटर किती आणि दिवस कसा मोजता? ४) किलोमीटर कुठून मोजणार? ५) गाडी पिवळ्या प्लेटची आहे ना? नंबर आणि चालकाचा फोन कधी पाठवाल? ६) गाडी रद्द झाली तर ॲडव्हान्स परत मिळेल का?"

ज्याचा व्यवहार सरळ आहे, त्याला ही उत्तरं द्यायला पाच मिनिटं लागतात. उत्तर टाळून "या हो, बघून घेऊ" म्हणणाऱ्याला ॲडव्हान्स पाठवू नका.

निघताना गाडीचा नंबर आणि लाइव्ह लोकेशन घरच्यांना पाठवा. रस्त्यात अडचण आली तर ११२ वर फोन करा. पैशांवरून वाद झाला, तर पावती आणि हा लेखी मेसेज जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते. परमिट नसलेल्या गाडीची तक्रार आरटीओकडे करता येते.