घोड्याची पारख

पाटोद्याहून फार दूर नसलेल्या खर्ड्याच्या मैदानावर १७९५ च्या मार्च महिन्यांत मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. मराठी फौजेंत बारगिरास घोडा सरकारांतून मिळे; शिलेदार स्वतःचा आणी. तो मेला तर शिलेदाराची उपजीविकाच बुडे. म्हणून पारख करतांना नुसत्या वेगावर भुलून चालत नसे. रुंद छाती, कठीण खूर, लांब दम आणि थोड्या चाऱ्यावर निभाव, हे गुण मोलाचे. उंच अरबी घोडा देखणा खरा. परंतु बालाघाटचे ओढे व खडकाळ चढ ओलांडण्यास भीमथडीचें ठेंगणें तट्टूच उपयोगी. २०२४ सालीं या जातीची राष्ट्रीय नोंद झाली. विजयी घोडा भूमि पाहून निवडावा, डौल पाहून नव्हे.