दत्तक की नुसते पाल्य?

मुंबईतले मूल आज परदेशी दत्तक जाते तेव्हा त्याच्या पासपोर्टचा अर्ज लोअर परळच्या सेवा केंद्रात करा की मालाडच्या, त्याला दत्तकविधानाचा आदेश जोडावा लागतो आणि आई-वडील म्हणून दत्तक पालकांची नावे लागतात. विमानात बसण्याआधीच ते मूल इथल्या कायद्याने त्यांचे झालेले असते. १९७०-८०च्या दशकांत असे नव्हते. १९५६चा दत्तक कायदा हिंदूंपुरता (बौद्ध, जैन, शीख धरून). म्हणून परदेशी जोडपे १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली मुंबई उच्च न्यायालयातून पालकत्व मिळवी, मूल घेऊन जाई आणि दत्तकविधान तिकडे करी. हे पालकत्व मूल सज्ञान झाले की संपते, आणि त्यातून वारसाहक्कही मिळत नाही. सर्वांसाठी एक दत्तक कायदा करण्याचे प्रयत्न झाले, पण १९७२चे विधेयक मुस्लिम समाजातल्या विरोधामुळे मागे घ्यावे लागले आणि १९८०च्या विधेयकाला मुंबईतूनच पारशी विरोध उभा राहिला. मोठ्यांच्या त्या वादाची किंमत अनाथ मुलांनी मोजली.

मुलाला घर मिळाले, माया मिळाली, मग कागदाचे एवढे काय, असे म्हणणारे तेव्हाही होते. ६ फेब्रुवारी १९८४ला लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. भगवती यांनी त्याला उत्तर दिले. परदेशी संस्थेची शिफारस, इथल्या समाजकल्याण संस्थेकडून छाननी आणि मूल तिकडे पोचल्यापासून दोन वर्षांत दत्तकविधान, अशा अटी त्यांनी घातल्या. मोठेच पाऊल होते ते. पण शेवटचा शिक्का परक्या देशाच्याच हाती राहिला. तिकडे कोणी हयगय केली तर? लहानपणी मुंबईहून अमेरिकेत गेलेली एक स्त्री २००८ साली, तिचे नागरिकत्व कधी पुरे झालेच नव्हते म्हणून, मुंबईत परत पाठवली गेली. अमेरिकेने २००१पासून दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा कायदा लागू केला, पण तेव्हा अठरा ओलांडलेल्यांना त्यातून वगळले. मायेने ही उणीव भरून निघत नाही.

भारताने २००३मध्ये आंतरदेशीय दत्तकविधानाचा हेग करार स्वीकारला. इथे आदेश झाला आणि ‘कारा’ने (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाने) कराराच्या २३व्या कलमाचा दाखला दिला की इतर सदस्य देशांना ते दत्तकविधान मान्य करावे लागते. बाल न्याय कायद्याने धर्माची अटही काढली. या नव्या पद्धतीवरचा खरा आक्षेप दिरंगाईचा आहे, आणि तो खोटा नाही: छाननीच्या फेऱ्यांत बाळाचे बाळपण संस्थेतच सरते. पण त्यावर उपाय काम वेगाने उरकण्याचा आहे, पायरी गाळण्याचा नव्हे; सप्टेंबर २०२२पासून आदेशाचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला, त्यामागचा हेतूही हाच होता. नात्यातली दत्तकविधाने मात्र अजून घरच्या घरी उरकली जातात. परदेशातल्या भावाला किंवा बहिणीला घरातले मूल द्यायचे ठरले असेल, तर नोंदणी केलेल्या दत्तकपत्रावर थांबू नका. ‘कारा’चे ना-हरकत पत्र हाती पडल्याशिवाय मुलाचे तिकीट काढू नका.