चेन्नईची पेटी आणि तिच्यात अडकलेली चित्रे

१ सप्टेंबर २००३ हा दिवस चेन्नईच्या इतिहासात कोणी सोन्याच्या अक्षरांनी लिहून ठेवला असेल असे नाही. तथापि भारतातील दूरचित्रवाणीचा इतिहास लिहावयास बसणाऱ्याला तो वगळून पुढे जाता येणार नाही. त्या दिवसापासून या शहरात सशुल्क वाहिनी पाहू इच्छिणाऱ्या प्रत्येक घरी एक पेटी असणे आवश्यक ठरले. केबल दूरचित्रवाणीविषयीच्या १९९५ च्या कायद्यात २००२ साली जी दुरुस्ती झाली, तिच्या अन्वये ही व्यवस्था दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चारही महानगरांत एकाच वेळी सुरू व्हावयाची होती. जुलैचा मुहूर्त सप्टेंबरवर गेला आणि सप्टेंबर उजाडला तेव्हा चौघांपैकी एकटी चेन्नईच जागेवर उभी होती. उरलेल्या तीन शहरांच्या काही भागांत ही व्यवस्था येण्यास २००६ ची अखेर उजाडावी लागली, आणि तीही न्यायालयाने तगादा लावल्यावर.

चेन्नईकरांनी या पेटीचे स्वागत मोठ्या उत्साहाने केले असेही म्हणता येत नाही. ७२ रुपये आणि वर कर इतक्या मासिक मोबदल्यात किमान ३० विनामूल्य वाहिन्या पेटीशिवाय दिसत. बहुसंख्य कुटुंबांनी तेवढ्यावर समाधान मानले आणि पेट्या दुकानांत पडून राहिल्या. काटकसर हा मद्रासी गृहस्थाचा जुना गुण. परंतु येथे नुसती काटकसर नव्हती. जी वस्तू आजवर तारेतून आपोआप घरात येत होती तिच्या दाराशी कुलूप का असावे, हा साधा प्रश्नही त्यात होता. त्या प्रश्नाचे उत्तर देताना ग्राहकाचे हित, केबलचालकांच्या हिशेबातील लपवाछपवी, वाहिन्यांचे उत्पन्न अशी अनेक कारणे पुढे केली गेली, आणि ती खोटी नव्हती. मात्र पेटी कुलूप म्हणून जन्मास आली, ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. पुढे तिच्याकडून कोठाराचे काम करून घेण्याची पाळी आली तेव्हा जे घडले, ते या जन्मापासूनच ठरून गेले होते.

त्यापूर्वीचा काळ वेगळा होता. मद्रासचे दूरदर्शन केंद्र ऑगस्ट १९७५ मध्ये सुरू झाले. मुंबईचे त्याच्या तीन वर्षे आधी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंग आले आणि त्याच सुमारास व्हिडिओ रेकॉर्डर नावाचे यंत्र मध्यमवर्गाच्या दृष्टिपथात आले. मद्रासमध्ये ते पाहावयाचे तर बीच स्टेशनजवळच्या बर्मा बाजारात जावे. ब्रह्मदेशातून परतलेल्या तमिळ निर्वासितांना पोट भरण्यासाठी दिलेल्या टपऱ्यांची ही रांग. तिला कालांतराने परदेशी मालाच्या पेठेचे रूप आले. तेथून घरी आणलेल्या यंत्रात फीत घालावी, बोटाने कळ दाबावी, की पडद्यावर चाललेले चित्र फितीवर उतरे. ती फीत शेजाऱ्याच्या यंत्रात चालत असे, सेलमच्या मामाकडे चालत असे आणि वीस वर्षांनी संगणकाला जोडलेल्या यंत्रातही चालली. फितीवर बुरशी चढे, चित्राला मुंग्या येत, रंग फिके पडत. पण ती कोणाची परवानगी मागत नसे.

घरी असे चित्रमुद्रण करावे की नाही यावर अमेरिकेत आठ वर्षे खटला चालला. सोनी कंपनीने १९७५ साली बेटामॅक्स यंत्र बाजारात आणले आणि पुढच्याच वर्षी युनिव्हर्सल व डिस्ने या चित्रपटसंस्था न्यायालयात गेल्या. १७ जानेवारी १९८४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की एखादा कार्यक्रम सोयीच्या वेळी पाहता यावा म्हणून प्रेक्षकाने तो घरी मुद्रित करणे हा गुन्हा नव्हे. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर घरोघरचे ते यंत्र बेकायदा मालाच्या यादीत जाऊन बसले असते. भारतात मात्र कायद्यातच तशी मुभा आहे. १९५७ च्या आपल्या प्रतिस्वामित्व कायद्याच्या ३९ व्या कलमात, प्रक्षेपणाचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रमुद्रण करणाऱ्याने ते स्वतःच्या खासगी उपयोगासाठी केले, अथवा केवळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधन यांसाठी केले, तर त्यामुळे प्रक्षेपणसंस्थेच्या हक्काचा भंग होत नाही, असे स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. कायदा करणारे पुष्कळदा लोकांच्या मागून धावतात. 

१४ एप्रिल १९९३ रोजी, तमिळ वर्षारंभी, चेन्नईतून सन टीव्हीचे प्रक्षेपण सुरू झाले आणि तमिळ घरांत उपग्रहाचे युग आले. पुढची पायरी केबलचालकाला वगळून थेट छपरावर छत्री लावण्याची. २००३ साली डिश टीव्ही, २००४ च्या अखेरीस दूरदर्शनची विनाशुल्क सेवा, २००६ साली टाटा स्काय आणि डिसेंबर २००७ मध्ये चेन्नईचीच सन डायरेक्ट. ७ जुलै २०१० रोजी इन्सॅट ४ ब या उपग्रहाच्या एका सौर पंखाने वीज देणे थांबविले आणि त्यावरील निम्मे प्रक्षेपक बंद करावे लागले, तेव्हा सन डायरेक्टच्या ग्राहकांना आपल्या बैठकीतील चित्र किती दूरच्या दोरीला टांगलेले आहे याची जाणीव झाली. कंपनीला दुसऱ्या उपग्रहावर आसरा घ्यावा लागला आणि घरोघरच्या छत्र्यांची तोंडे फिरवावी लागली. त्याच वर्षी उच्च सुस्पष्टतेचे, म्हणजे बोलीभाषेत ‘एचडी’ चित्र भारतात रुळू लागले. ऑक्टोबरमधील दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा दूरदर्शनने याच पद्धतीने दाखविल्या.

हे चित्र म्हणजे काय, याची थोडी कल्पना असल्याखेरीज पुढचा गुंता उलगडणार नाही. आडवे १९२० आणि उभे १०८० असे सुमारे २० लाख ठिपके मिळून एक चित्र होते. ते जसेच्या तसे आकाशात सोडावयाचे तर सेकंदाला जवळजवळ दीड अब्ज अंश पाठवावे लागतील. एवढा भार कोणत्याही उपग्रहाला परवडत नाही. म्हणून चित्राचा जो भाग क्षणापूर्वीच्या चित्रासारखाच आहे तो पुन्हा पाठवावयाचा नाही, डोळ्याला जाणवत नाही तो तपशील गाळावयाचा, अशा युक्त्यांनी ते पिळून काढतात आणि आठ-दहा दशलक्ष अंशांत बसवितात. या वेगाने एक तासाचा कार्यक्रम सुमारे ३.६ गिगाबाइट जागा घेतो. पिळलेला हा प्रवाह १८८ बाइटांच्या पुडक्यांत बांधून पाठवितात. येथवर सर्व काही टपालासारखे आहे. परंतु प्रत्येक पुडके कूटलिपीत असते आणि त्या कूटलिपीची किल्ली दर काही सेकंदांनी बदलते. पेटीत घातलेले कार्ड ती किल्ली क्षणोक्षणी हाती देते. महिन्याचे पैसे थकले की देत नाही.

आता मुद्रणाची सोय असलेल्या पेट्या आल्या. अमेरिकेत १९९९ पासून आणि भारतात २००८ पासून असल्या पेट्या मिळू लागल्या. कालांतराने स्वस्त पेटीलाही बाहेरून डिस्क जोडता येऊ लागली. मुद्रित कार्यक्रम अगदी मूळ प्रक्षेपणाइतकाच सुरेख दिसे, कारण पेटी नवे चित्र काढीत नव्हती. आलेली पुडकीच तशीच्या तशी साठवीत होती. प्रेक्षकाला वाटले, फितीचे दिवस गेले, बुरशी गेली, मुंग्या गेल्या. मग कधीतरी डिस्क भरली. जुने पुसल्याशिवाय नवे मावेना. मुलीच्या नृत्याचा कार्यक्रम, वडिलांची एखादी मुलाखत, मार्गळी महिन्यातील एखादी मैफल पुसावयास मन धजेना. तेव्हा ती डिस्क सोडवून संगणकाला जोडली. संगणकाने एकतर ती ओळखलीच नाही, किंवा तिच्यावरील फायली दाखवून त्या उघडण्यास नकार दिला. पेटीने साठविताना आपल्या स्वतःच्या किल्लीने पुन्हा कुलूप घातले होते, आणि ती किल्ली त्या एका पेटीखेरीज जगात कोठेही नव्हती. शेजाऱ्याची तसलीच पेटी तिच्यापुढे तितकीच हतबल. पेटी बिघडली, कंपनीने बदलून दिली, की वर्षानुवर्षांचे मुद्रण त्या क्षणी नुसता अंकांचा ढिगारा झाले.

माउंट रोडलगतच्या रिची स्ट्रीटवर विजेच्या सुट्या भागांपासून संगणकापर्यंत सर्व काही मिळते, आणि ज्याची वाट नाही त्याची वाट काढून देणारेही तेथेच बसतात. येथे खरोखर एक वाट होती. पेटी मनातल्या मनात कितीही कुलुपे घालो, अखेर तिला माणसाच्या डोळ्यांना दिसेल असे उघडे चित्र पडद्याकडे पाठवावे लागतेच. नव्या पद्धतीच्या एकाच तारेतून, म्हणजे एचडीएमआयमधून, ते जाते तेव्हा वाटेतही कूटलिपी असते; परंतु लाल, हिरवी, निळी अशी तीन छिद्रे असलेल्या जुन्या मार्गाला हे बंधन नव्हते. त्या तीन तारा टिपून चित्र पुन्हा संगणकात भरणारी उपकरणे २००८ पासून मिळू लागली. यात दोष दोन. चित्र एकदा उलगडून पुन्हा पिळले जाई, त्यामुळे त्याची धार किंचित बोथट होई. आणि एक तासाचा कार्यक्रम उतरवावयास एक तासच लागे. शंभर तासांचा संग्रह सोडवावयाचा तर शंभर तास पेटीशेजारी बसावे. पुढे पेट्यांच्या पाठीवरून ती तीन छिद्रेही हळूहळू नाहीशी होत गेली. अमेरिकेत २००४ सालापासून केबल कंपन्यांना, ग्राहकाने मागितल्यास, संगणकाला जोडता येईल असे द्वार पेटीवर ठेवण्याचे बंधन घालण्यात आले होते. आपल्याकडील नियमांचे लक्ष मात्र वाहिन्यांच्या दरांवर आणि पेटीच्या भाड्यावर राहिले. आत साठविलेले कोणाचे, हा प्रश्न नियम करणाऱ्यांपुढे कोणी नेला नाही.

२०१२ साली प्रतिस्वामित्व कायद्यात ६५अ हे कलम आले. हक्कभंग करण्याच्या हेतूने असली तांत्रिक कुलुपे फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. परंतु या कायद्याने जे स्पष्टपणे निषिद्ध केलेले नाही त्यासाठी कुलूप उघडण्यास त्याच कलमात मोकळीक ठेवलेली आहे. हे कलम ३९ व्या कलमाशेजारी ठेवून वाचले म्हणजे विचित्र परिस्थिती दिसते. खासगी उपयोगासाठी मुद्रण करण्याचा हक्क नागरिकाला आहे, त्यासाठी कुलूप काढणे हाही अपराध नाही. फक्त किल्ली त्याला कोणी देणार नाही. हक्क कागदावर शाबूत राहतो आणि व्यवहारात त्याचे काही उरत नाही. वाहिन्यांची भीती अनाठायी होती असे नाही. ज्या बर्मा बाजारात रेकॉर्डर विकले गेले तेथेच पुढे चित्रपटांच्या चोरट्या तबकड्याही उघड विकल्या गेल्या. पण चोराला अडविण्यासाठी घातलेल्या कुलपाने चोर क्वचितच अडला. घरचा माणूस तेवढा अडला.

यात एवढे काय बिघडले, असे एखाद्याला वाटेल. मालिका पुन्हा दाखवितात, गाणी कोठेही मिळतात. परंतु प्रक्षेपणसंस्था आपले चित्र जपून ठेवतातच, या समजुतीला इतिहासाचा आधार नाही. चुंबकीय फीत महाग होती, तेव्हा जगभर ती पुसून पुन्हा वापरली गेली. बीबीसीने १९६० च्या दशकातील आपले कितीतरी कार्यक्रम असेच गमावले. ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या हरवलेल्या भागांचा निदान आवाज तरी आज ऐकू येतो, तो घरी ध्वनिमुद्रक लावून बसलेल्या काही प्रेक्षकांमुळे. माणूस चंद्रावर उतरला त्या वेळच्या मूळ फितीही बहुधा पुसल्या गेल्या, असे नासा या संस्थेला २००९ साली मान्य करावे लागले. फिलाडेल्फियातील मॅरियन स्टोक्स या बाईंनी २०१२ साली निधन होईपर्यंत तीस वर्षांहून अधिक काळ अहोरात्र दूरचित्रवाणीच्या बातम्या मुद्रित केल्या. सुमारे ७०,००० फिती मागे राहिल्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते वेड वाटले असेल. आज संशोधकांना तो खजिना वाटतो. त्या फितींना कुलूप असते तर तो सत्तर हजार डब्यांचा कचरा ठरला असता.

चेन्नईला हे समजावण्यासाठी फिलाडेल्फियाला जाण्याची गरज नाही. चेट्टिनाडमधील कोट्टैयूरच्या रोजा मुथय्या चेट्टियार यांनी जन्मभर तमिळ पुस्तके, मासिके, नाटकांच्या जाहिराती, हस्तपत्रके असे जे हाती येईल ते जमविले. १९९२ साली ते वारले तेव्हा सुमारे एक लाख वस्तूंचा हा पसारा वाळवीच्या तोंडी होता. शिकागो विद्यापीठाच्या साह्याने तो वाचला, १९९४ साली चेन्नईत त्याचे ग्रंथालय झाले आणि कागदावरचा मजकूर आधी सूक्ष्मपटावर, मग संगणकावर उतरविण्यात आला. एका आधारावरून दुसऱ्या आधारावर नेणे हेच जपणुकीचे मुख्य काम, हे तंजावरच्या मराठ्यांनाही ठाऊक होते. सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास चिटणीस बाबूराव यांच्याकडून लिहवून बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरविला. लेखणीतून उतरलेला तो मजकूर आज दगडावर वाचता येतो.

प्रक्षेपणावरील हक्क कायद्याने २५ वर्षे टिकतो आणि प्रक्षेपणाच्या पुढील वर्षारंभापासून तो मोजतात. १९९३ सालच्या प्रक्षेपणांवरील हा हक्क ३१ डिसेंबर २०१८ रोजी संपला, जरी आतल्या कथेचे, गाण्याचे हक्क निराळे आणि अधिक लांबीचे असले तरी. त्या वर्षीच्या घरगुती फिती जेथे शिल्लक आहेत तेथे त्या आजही लावून पाहता येतात. २०१० साली पेटीत मुद्रित झालेल्या चित्रांवरील हक्क २०३५ अखेर संपेल. ज्या पेट्यांत त्यांच्या किल्ल्या होत्या त्यांपैकी बहुतेक तोवर भंगारात गेलेल्या असतील.