बादलीतला पंप

मंडळी, आधी कबुली देतो. मागच्या हिवाळ्यात जर्मनीत ऑनसाइट असताना माझ्या हातून घरमालक आजोबांचा पंप मेला. आजोबा लेकीकडे निघाले होते. जाताना सांगून गेले, "थंडी पडायच्या आत बागेतल्या तळ्यातला पंप काढ, धू, आणि बादलीभर पाण्यात बुडवून तळघरात ठेव." पाण्यातून काढून पुन्हा पाण्यातच? मी मनात हसलो. (कोरडा ठेवला तर आतलं सील वाळतं, हे नंतर कळलं.) त्यात आमचं रिलीज आलं आणि मी साफ विसरलो. ते उथळ तळं पार तळापर्यंत गोठलं. बर्फ होताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं. पंपाचं कवच उभं चिरलं.

नवा पंप आणून दिला. आजोबा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. तेव्हापासून वीकेंडला कारंज्यांचा इतिहास वाचतोय.

पंपांचं खटलं बघायचं तर चौदाव्या लुईचं मार्लीचं यंत्र बघा. १६८४ मध्ये सेन नदीवर सुरू झालं. १४ अजस्र पाणचक्क्या, दोनशेच्या वर पंप, आणि पाणी दीडशे मीटरहून जास्त उंच चढवायचं! सतत मोडतोड, सतत दुरुस्ती, जवळपास ६० माणसं कायम कामाला. आमच्या भाषेत, चोवीस तास प्रॉडक्शन सपोर्ट. एवढं करून व्हर्सायची सगळी कारंजी एकदम उडत नसत. राजा जवळ आला की शिट्टी वाजायची, मग तेवढंच कारंजं सुरू.

रशियाच्या पीटरनं १७१७ मध्ये हा सगळा थाट पाहिला. पण त्याला पंप नको होते. आधी त्याचा बेत सेंट पीटर्सबर्गजवळच्या स्ट्रेल्नाचा होता, पण तिथं पाणी आपसूक वाहून कारंजी उडणं जमेना. मग त्यानं पीटरहॉफ धरलं. रोप्शाच्या उंचवट्यावरून सुमारे २२ किलोमीटरवरनं कालवा आणि तळ्यांची साखळी केली. १७२३ मध्ये उद्घाटन झालं. तिथलं सॅमसनचं कारंजं आजही नुसत्या उतारावर २० मीटर उडतं. इंजिनिअर म्हणून मी तर फिदा!

पण हिवाळा पीटरलाही चुकला नाही. पंप नसला तरी नळांत पाणी असतंच, आणि गोठलेलं पाणी लोखंड फोडतं. म्हणून ऑक्टोबरात पीटरहॉफची कारंजी बंद होतात, नळ रिकामे केले जातात, संगमरवरी पुतळे लाकडी खोक्यांत झाकतात. मग वसंतात पुन्हा सगळं सुरू. तीनशे वर्षं झाली, झारचे वारस गेले, सोव्हिएत गेले, पण हे काम काही सुटलं नाही.

असो. यंदा ऑक्टोबरात पुण्याहून आजोबांना मेल टाकला, "पंप काढलात का?" उत्तरात एक अक्षर नाही, नुसता फोटो. तळघर, निळी बादली, आणि पाण्यात नवा पंप.