पन्हा : मागापासून मॉनिटरपर्यंत

सोलापुरात कापड घेताना गिऱ्हाईक पोत बघतं आणि पन्हा विचारतं. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. लांबी हवी तेवढी फाडून मिळते. पन्हा मागावरच ठरलेला असतो, दुकानात तो बोटभरही वाढत नाही. शाळेचं ऑफिसचं काम आणि घरचा सिनेमा, दोन्ही एकाच पडद्यावर व्हावं म्हणून हल्ली ओळखीचे बरेच शिक्षक विचारतात, तो लांबट ‘अल्ट्रावाइड’ मॉनिटर घ्यावा का? मी उर्दू आणि मराठी शिकवतो, संगणक नाही. पण हा प्रश्न पन्ह्याचा आहे आणि पन्ह्याला मोठा इतिहास आहे. तो नीट पाहिला की खरेदीचं उत्तर बरंचसं त्यातच सापडतं.

हातमागावर पन्हा ठरायचा तो विणकराच्या हातांवरून. एका हाताने धोटा फेकायचा, दुसऱ्या हाताने झेलायचा. हात पोहोचतील तेवढंच कापड रुंद. त्याहून रुंद हवं असेल तर मागावर दोन माणसं बसवा, नाहीतर दोन पट्ट्या वेगळ्या विणून मधोमध शिवा. ‘दुपट्टा’ हा शब्द याच व्यवहाराची खूण आहे: दोन पट्ट्यांचं वस्त्र. १७३३ साली इंग्लंडात जॉन के याने दोरीच्या झटक्याने पळणाऱ्या धोट्याचं पेटंट घेतलं आणि एकटा विणकर रुंद कापड विणू लागला. पुढे यंत्रमाग आले. आपल्या गावात १८७७ साली जुनी मिल उभी राहिली, नंतर आणखी गिरण्या आल्या, घराघरांत माग आले. आज भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर आपण अंथरतो, तेव्हा तिच्या मधोमध शिवण नसते, हे आपल्या लक्षातही येत नाही.

आधी जोड, मग अखंड पन्हा. सिनेमाच्या पडद्याचा प्रवासही याच क्रमाने झाला.

एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सनने १८९० च्या सुमारास ३५ मिलिमीटर फिल्मवरच्या चौकटीचं माप बसवलं: रुंदी चार, उंची तीन. साधारण साठ वर्षं जगभरचा सिनेमा थोड्याफार फरकाने याच चौकटीत राहिला. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ (१९३६) त्यातच आहे. टीव्ही आला तेव्हा त्यानेही हेच माप उचललं. मग अमेरिकेतल्या प्रेक्षकाने घरात बसून तशीच चौकट फुकट बघायला सुरुवात केली, तसा थिएटरवाल्यांना प्रश्न पडला की आता त्याला बाहेर काढायचं कसं? उत्तर निघालं पन्ह्यात.

सप्टेंबर १९५२ मध्ये न्यूयॉर्कला ‘सिनेरामा’ दाखवला गेला. तीन प्रोजेक्टर, चित्राचे तीन तुकडे आणि प्रेक्षकाला कवेत घेईल असा खोल वळवलेला पडदा. लोक थक्क झाले. पण तीन तुकड्यांचे दोन जोड दिसत राहायचे. दुपट्ट्याची शिवणच ती. पुढच्याच वर्षी, १९५३ च्या सप्टेंबरात, ‘द रोब’ या चित्रपटातून ‘सिनेमास्कोप’ आला. त्यामागचं भिंग फ्रान्सच्या आंरी क्रेतियँ याने १९२० च्या दशकातच तयार केलं होतं. कॅमेऱ्याचं भिंग रुंद दृश्य आडवं दाबून साध्या फिल्मवर बसवतं, प्रोजेक्टरचं भिंग ते पुन्हा पसरवतं. एकच फिल्म, एकच प्रोजेक्टर, शिवण नाही. रुंदी उंचीच्या अडीच पटीच्या आसपास गेली आणि पुढे २.३५ ला स्थिरावली.

आपल्याकडे हा पन्हा १९५९ साली आला, गुरुदत्तच्या ‘कागज के फूल’मधून. हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. गंमत अशी की अमेरिकेत रुंद पडदा टीव्हीशी लढायला आला होता; इथे तेव्हा टीव्हीच नव्हता. दिल्लीत दूरदर्शनचं प्रायोगिक प्रक्षेपण त्याच वर्षी सप्टेंबरात सुरू झालं आणि मुंबईला टीव्ही यायला १९७२ उजाडलं. म्हणजे गुरुदत्तपुढे प्रेक्षकाला घरातून ओढून आणायची सक्ती नव्हती. त्याने आणि त्याचे छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी ही रुंदी वापरली ती रिकामेपण दाखवायला: ओस पडलेला स्टुडिओ, वरून उतरणारा उजेडाचा झोत आणि त्या एवढ्या पसाऱ्यात एकटा माणूस. चित्रपट तेव्हा आपटला. मूर्तींना मात्र पुढे २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला.

याच जोडीचा ‘प्यासा’ १९५७ चा. दिग्दर्शक तोच, कॅमेरा त्याच हातात, दोन्हींचे लेखक अब्रार अल्वी. पण ‘प्यासा’ जुन्या, जवळपास चौकोनी चौकटीत आहे. रुंद मॉनिटर पारखायचा असेल तर याहून चांगली जोडी मला माहीत नाही. ‘कागज के फूल’ त्यावर कडेपासून कडेपर्यंत बसतो. ‘प्यासा’ लावा: पडद्याची जेमतेम ५७ टक्के रुंदी वापरली जाते, दोन्ही बाजू काळ्या राहतात. दोन वर्षांचं अंतर तुमच्या टेबलावर इंचांत मोजता येतं.

या दोन मापांच्या मधला तोडगा म्हणजे आज घरोघरी असलेला १६:९. १९८० च्या दशकात अमेरिकेत कर्न्स पॉवर्स या तंत्रज्ञाने जुनी चौकोनी आणि नवी रुंद अशा सगळ्या चौकटी एकमेकींवर ठेवून पाहिल्या आणि सगळ्यांचं कमीत कमी नुकसान होईल असं हे माप सुचवलं. सिनेमाच्या रुंदीचे घरगुती पडदे त्यानंतर आले: २००९ मध्ये फिलिप्सचा टीव्ही, २०१२ च्या सुमारास एलजी, डेल वगैरेंचे २९ इंची मॉनिटर, दोनेक वर्षांनी ३४ इंची. त्यांना २१:९ म्हणतात, पण खरं गुणोत्तर २.३७ ते २.३९ असतं. म्हणजे हे माप सिनेमास्कोपच्या घराण्यातलं आहे. ऑफिससाठी ते कुणी आखलेलं नव्हतं.

ऑफिसचं घराणं वेगळं. १९७३ साली झेरॉक्सच्या संशोधकांनी ‘आल्टो’ हा संगणक बनवला, त्याचा पडदा उभा होता, कागदासारखा. ६०६ ठिपके रुंद, ८०८ उंच. टेबलावरचा कागद जसा असतो तसा तो पडद्यावर दिसावा, हा त्यामागचा साधा विचार.

वाचणाऱ्याला लांब ओळ मानवत नाही, हे कातिबांनाही ठाऊक होतं. कातिब पुठ्ठ्यावर दोरे ताणून ‘मिस्तर’ करायचा, त्यावर कागद दाबून ओळींचे वळ उठवायचा. चारी बाजूंनी हाशिया सोडायचा. मराठीत आपण त्याला समास म्हणतो. शेराचे दोन मिसरे शेजारीशेजारी दोन रकान्यांत बसवायचा. आपल्याकडची आडवी पोथी अपवाद वाटेल, पण तिची रुंदी ताडपत्राच्या पानाने ठरवली होती. कागद आला तरी सवय राहिली. आम्हाला बी.एड.ला फलकलेखन शिकवलं तेही हेच. फळा कितीही रुंद असो, त्याचे भाग पाडायचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच ओळ लिहिणाऱ्या शिक्षकाची मुलं मान फिरवून थकतात.

म्हणून ऑफिसच्या कामासाठी रुंद मॉनिटर हा मोठा कागद समजू नये, फळा समजावा. भाग पाडले तर उपयोग, नाहीतर नुसती मान दुखणार.

आता टेप घेऊन बसू. ३४ इंची अल्ट्रावाइड साधारण ३१ इंच रुंद आणि १३ इंच उंच असतो. नेहमीचा २७ इंची मॉनिटर साडेतेवीस इंच रुंद, पण उंचीला तोही तेराच. म्हणजे जास्तीचे पैसे फक्त पन्ह्याचे आहेत, उंची एक सुतानेही वाढत नाही. ए-फोर कागद पावणेबारा इंच उंच आणि सव्वाआठ इंच रुंद. ३४ इंचीवर असे तीन कागद खऱ्या मापात शेजारी बसतात, २७ इंचीवर दोन. जिल्हा परिषदेचं परिपत्रक, मुलांची यादी आणि आपण भरत असलेला तक्ता असे तिन्ही एकदम उघडे हवे असतील तर हा फरक मोलाचा आहे. २९ इंची अल्ट्रावाइड मात्र उंचीला सव्वाअकराच, म्हणजे २३ इंची साध्या मॉनिटरएवढा. त्यावर ए-फोर पूर्ण मापात मावत नाही. ऑफिससाठी तो मी सुचवणार नाही.

दुसरी पारख पोताची. ३४ इंचांत दोन जाती मिळतात: २५६० बाय १०८० आणि ३४४० बाय १४४०. पहिलीत एका इंचात सुमारे ८२ ठिपके, दुसरीत ११०. इंग्रजी वाचणाऱ्याचं पहिलीवर कदाचित भागेल. पण नस्तालीकमध्ये बे, पे, ते, से यांचा फरक फक्त नुक्त्यांचा. शब्द तिरका उतरतो आणि नुक्ते एकमेकांना चिकटतात. देवनागरीत अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरं. कापड विरळ विणलं की नक्षी फुटते, तसंच इथे. आपल्या दोन्ही लिप्यांसाठी दाट पोतच घ्या. बजेटमध्ये बसत नसेल तर विरळ पोताच्या रुंद मॉनिटरपेक्षा दाट पोताचा २७ इंची बरा.

मनोरंजनाचा हिशेब तुम्ही काय बघता त्यावर. स्कोपमधले सिनेमे खुलतात. १६:९ च्या मालिका, क्रिकेट, शैक्षणिक व्हिडिओ यांना बाजूला मिळून सव्वीस टक्के रुंदी काळी राहते, म्हणजे चित्र २७ इंचीएवढंच. दूरदर्शनच्या जुन्या मालिकांना चव्वेचाळीस टक्के. शिवाय इंटरनेटवरच्या कित्येक प्रतींमध्ये काळ्या पट्ट्या चित्रातच भाजलेल्या असतात; तेव्हा रुंद सिनेमासुद्धा चारी बाजूंनी काळ्या चौकटीत अडकतो. वळवलेला पडदा ही सिनेरामाची पुण्याई. ‘१५००आर’ म्हणजे दीड मीटर त्रिज्येचं वळण. एकट्याने समोर बसणाऱ्याला ते सुखावतं, बाजूला बसलेल्या घरच्यांना नाही. कुटुंबाने मिळून बघायचं असेल तर टीव्हीच बरा.

दोन मॉनिटर शेजारी ठेवले तर? स्वस्त पडतं, एक बिघडला तर दुसरा चालतो आणि एक उभाही करता येतो, ‘आल्टो’सारखा. पण मधोमध शिवण येते.

माझ्यासाठी ती शिवणच निर्णायक ठरते. उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी मी उर्दू मजकुराचा मराठी तर्जुमा करतो. अरुंद पडद्यावर एक भाषा दुसरीच्या मागे लपते. मग तर्जुमा डोळ्यासमोरच्या ओळीचा होत नाही, आठवणीतल्या ओळीचा होतो आणि एखादा ‘भी’, एखादा ‘मगर’ वाटेत गळतो. परीक्षेत मुलाच्या हाती तेच गळकं वाक्य पडतं. अखंड पन्ह्यावर उर्दू उजव्या भागात उघडावी, मराठी डाव्या. उर्दूची ओळ उजव्या कडेला सुरू होऊन आत येते, मराठीची डाव्या कडेला सुरू होऊन आत येते आणि दोन्ही मधोमध एकमेकींसमोर संपतात.

तेव्हा विचारणाऱ्यांना माझं सांगणं असं. रोज दोन-तीन कागद शेजारी ठेवून काम असेल, दोन भाषांत असेल, तर दाट पोताचा ३४ इंची घ्या. सिनेमा त्यावरचा बोनस समजा. एका वेळी एकच कागद उघडत असाल तर २७ इंची पुरे. आणि दुकानात जाताना ‘प्यासा’ आणि ‘कागज के फूल’ पेनड्राइव्हवर नाही नेले तरी चालेल, टेप मात्र न्या. सोलापूरकराला पन्हा मोजून घेण्यात लाज कसली?